दुकानात लहान मुलाला लागलं तर पहिली पंधरा मिनिटं कशी सांभाळावीत

तुमच्या दुकानात प्रथमोपचाराची पेटी भरलेली आहे, ती कुठे ठेवलीय हे प्रत्येकाला ठाऊक आहे आणि दर पाळीला निदान एक जण प्रथमोपचार शिकलेला असतो, हे मी धरून चालते. नसेल, तर आधी तेवढं करा आणि मग पुढे वाचा.

मी बरीच वर्षं मोठ्या दुकानांत फ्लोअर मॅनेजर होते, आता नव्या लोकांना शिकवते. या विषयावर कर्मचाऱ्यांना एकच सल्ला मिळत आलेला आहे: तोंडातून काही निघू देऊ नका, फॉर्म भरून घ्या, सही घ्या. हे कानावर पडून पडून मूल कळवळत असतानाही माणसं कागद शोधायला धावतात. मला त्याचा संताप येतो.

आधी मूल

एकाने मुलाशेजारी जमिनीवर बसायचं, दुसऱ्याने पेटी आणायची, तिसऱ्याने गर्दी मागे सारायची. मूल उंचावरून पडलं असेल, मान दुखते म्हणत असेल किंवा शुद्धीवर नसेल, तर त्याला उचलून उभं करू नका. श्वास चालू आहे का बघा आणि लगेच रुग्णवाहिका बोलवा. श्वास नसेल तर फोन स्पीकरवर टाकून पलीकडून सांगतील तसा सीपीआर सुरू करा.

रक्त येत असेल तर स्वच्छ गॉज जखमेवर घट्ट दाबून धरा, सलग १० मिनिटं. थांबलं का बघायला मध्ये उचलू नका. कपाळ आणि डोक्याची कातडी फार रक्त गाळते. जखम छोटी असली तरी शर्ट भिजतो, त्याने हबकून जाऊ नका. भाजलं तर २० मिनिटं वाहत्या गार पाण्याखाली धरा. बर्फ नको, टूथपेस्ट तर मुळीच नको. दारात सापडून बोटाचा तुकडा तुटला असेल तर तो ओलसर स्वच्छ गॉजमध्ये गुंडाळून पिशवीत घाला आणि ती पिशवी बर्फात ठेवा, तुकडा थेट बर्फावर नको. सरकत्या जिन्यात बूट किंवा कपडा अडकला तर वरच्या-खालच्या टोकाचं लाल बटण दाबायचं, पण आधी ओरडून इतरांना कठडा धरायला सांगायचं. नाहीतर झटक्याने आणखी चार जण पडतात.

दोन गोष्टींत वाट पाहू नका. मुलाने चपटी गोल बॅटरी गिळल्याची नुसती शंका आली तरी थेट रुग्णालय. मूल हसत-खेळत असलं तरीही, कारण अडकलेली बॅटरी दोन तासांत अन्ननलिका जाळू शकते. एकाहून अधिक लोहचुंबक गिळले असतील तरी तेच. उलटी काढायचा प्रयत्न दोन्हींत करायचा नाही.

रुग्णवाहिका बोलवायची की नाही यावर चर्चा नको. शंका आली किंवा आई-वडील म्हणाले, की फोन. त्यासाठी मालकाची परवानगी लागता कामा नये.

आई-वडिलांशी बोलणं

मी अडले ती इथे. इतरही इथेच अडतात. पट्टी बांधायला दोन दिवसांत शिकता येतं, पण समोर घाबरलेली आई असताना पहिलं वाक्य काय बोलायचं हे मला कोणी शिकवलं नव्हतं.

चारेक वर्षांचा मुलगा होता. लोखंडी रॅकच्या कोपऱ्यावर कपाळ आपटलं, भुवईच्या वर चिरलं. मी धावत गेले आणि बसायच्याही आधी विचारलं, "पळत होता का?" त्याची आई एका हाताने त्याचं कपाळ दाबत होती, बोटांच्या फटींतून रक्त येत होतं. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. त्यानंतर मी जे जे केलं ते नीटच होतं: गॉज, गाडी, रुग्णालयाचा पत्ता. पण तिने माझ्याकडून काही म्हणजे काही घेतलं नाही. स्वतःची ओढणी मुलाच्या कपाळावर दाबून ती बाहेर पडली. संध्याकाळी झाडताना रॅकखाली त्याचा डावा बूट सापडला. टाचेत लाल दिवा असलेला, हलवला की लुकलुकणारा. पोर एका बुटावर रुग्णालयात गेलं होतं आणि आमच्यापैकी एकाच्याही ते ध्यानात आलं नव्हतं.

माझा प्रश्न मुलासाठी नव्हता, तो दुकानासाठी होता. आईला ते अर्ध्या सेकंदात कळलं.

तेव्हापासून मी पहिलं वाक्य पाठ करून घेते, अक्षरशः दहादा म्हणवून घेते: "मी इथली जबाबदार व्यक्ती, माझं नाव अमुक. बाळाला लागलं, फार वाईट वाटलं. आता आपण रक्त थांबवतोय, गाडी बोलावलीय." नाव, वाईट वाटणं, आणि या क्षणी काय चाललंय. बस.

"वाईट वाटलं म्हटलं की चूक कबूल केल्यासारखं होतं" ही भीती तुम्हाला कोणीतरी घालेलच. इंग्लंड-वेल्समध्ये २००६ च्या कॉम्पेन्सेशन ॲक्टमध्ये स्पष्ट लिहिलंय, की माफी मागितली किंवा उपचार देऊ केले एवढ्यावरून निष्काळजीपणाची कबुली ठरत नाही. कॅनडात ब्रिटिश कोलंबियाने २००६ साली आणि ऑन्टारियोने २००९ साली माफीसाठी वेगळा कायदाच केला. तुमच्याकडे काय नियम आहे ते वकिलाला आजच विचारून ठेवा. पण कुठलाही नियम असो, कळवळणाऱ्या मुलासमोर दगडासारखं उभं राहा असं कोणी सांगितलं तर ऐकू नका.

वाईट वाटतंय म्हणणं वेगळं आणि कारण सांगत बसणं वेगळं. कारण तुम्हाला अजून माहीत नसतं. "मूल धावत होतं" हा जसा अंदाज, तसाच "रॅक केव्हाचा सैल आहे, आम्ही सांगून थकलो" हाही तिथे उभ्याउभ्या बोलायचा नाही. मात्र जे त्यांना डोळ्यांनी दिसतंय ते नाकारू नका. "फरशी ओली होती ना?" असं विचारलं आणि होती, तर "हो, ओली होती. कशाने ते शोधतोय, तुम्हाला कळवू" एवढं म्हणा. ओल्या फरशीवर उभं राहून ती कोरडी असल्याचं सांगणारा माणूस पुढे खरं बोलला तरी कोणी विश्वास ठेवत नाही.

"तुमचं लक्ष कुठे होतं?" आणि "आमच्याकडे असं कधी होत नाही" ही वाक्यं कायमची बंद. मुलाला "काही नाही झालं, काही नाही झालं" म्हणणंही बंद. त्याला दुखतंय, त्याला ते माहीत आहे. "दुखतंय ना? मी इथेच बसलेय" म्हणा, रडणं लवकर उतरतं.

आईच्या किंवा बापाच्या हाताला काम द्या. गॉज त्यांनाच दाबू द्या, मूल त्यांच्या मांडीवरच असू द्या. हात गुंतला की माणूस सावरतो. बाप ओरडत असेल तर ओरडू द्या, मध्ये बोलू नका. सुरक्षारक्षकांचं कोंडाळं तर चुकूनही करू नका, त्याने घाबरलेल्या माणसाला आरोपी झाल्यासारखं वाटतं. सोबत दुसरं भावंड असेल तर त्याच्याजवळ एकाने थांबा, पण त्याला आईच्या नजरेआड नेऊ नका. मूल एकटंच असेल तर पालक सापडेपर्यंत दोघांनी जवळ राहा. बंद खोलीत नेऊ नका, पोटात घ्यायचं औषध देऊ नका. प्रथमोपचार मात्र थांबवायचे नाहीत.

रडणाऱ्या मुलाच्या हातात लगेच चॉकलेट ठेवायची सवय मोडा. टाके पडणार असतील किंवा हाड मोडलं असेल तर भूल द्यावी लागू शकते, म्हणून डॉक्टर बघेपर्यंत खाणं-पिणं नको. आणि तिथल्या तिथे पैसे किंवा कूपन देऊन कागदावर सही घेणं मला साफ नामंजूर आहे. ज्याचं मूल रक्ताळलेलं आहे त्याला त्या घडीला काही वाचता येत नाही.

डोक्याला मार असेल तर मूल ठीक दिसलं तरी खुणा लिहिलेला कागद पालकांच्या हातात द्या: पुन्हा पुन्हा उलट्या, न उठवता येणारी झोप, वाढत जाणारी डोकेदुखी, आकडी (फिट), गोंधळल्यासारखं वागणं, कान-नाकातून पाण्यासारखा स्राव, डोळ्यांच्या बाहुल्यांचा आकार कमी-जास्त. यातलं एकही दिसलं तर लगेच रुग्णालय. वर्षाच्या आतलं मूल असेल तर खुणांची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवायला सांगा. ट्रॉलीतून पडणारी मुलं बहुधा डोक्यावरच आपटतात, ते हलक्यात घेऊ नका.

निघताना पिशव्या गाडीपर्यंत पोचवा. आणि मुलाच्या पायांकडे बघा.

जागा आणि नोंद

जागा अडवा, पुसायच्या आधी फोटो काढा, मोडलेली वस्तू फेकू नका. फोटो जागेचे, मुलाचे नाहीत. मोबाइल वर केलेल्या बघ्यांनाही हात जोडून थांबवा. सीसीटीव्हीचं आधीच्या अर्ध्या तासासकटचं चित्रण त्याच दिवशी वेगळं जपा, कारण काही दिवसांनी ते आपोआप पुसलं जातं. दुकानाला प्रतिकूल असलं तरी जपायचंच.

नोंदवहीत पाहिलेलं लिहा, वाटलेलं नाही. "मूल बेफाम धावत होतं" हे मत झालं. "मी आवाज ऐकून वळले तेव्हा मूल रॅकच्या डाव्या कोपऱ्याशी बसलेलं होतं, कपाळातून रक्त येत होतं, पडताना मी पाहिलं नाही" ही नोंद झाली. वेळ, केलेले उपचार आणि साक्षीदार लिहा. पालकांनी मागितली तर प्रत द्या. विमा कंपनीला आणि तुमच्याकडचा नियम सांगेल त्या खात्याला कळवा.

दुसऱ्या दिवशी

जो मुलाशेजारी बसला होता त्यानेच फोन करायचा. मूल कसं आहे विचारायचं, ऐकायचं, नवी योजना किंवा सवलत सांगायची नाही. जे शोधून काढतो म्हणालात ते सांगायचं, अजून कळलं नसेल तर केव्हा कळेल ते सांगायचं.

मग दुकानात गुडघ्यांवर बसून एक फेरी मारा. जमिनीपासून ९० सेंटिमीटरच्या आसपास डोळे नेले की दिसतात ते सगळे कोपरे, हुक, निसटत्या फळ्या आणि भिंतीला न ठोकलेली कपाटं. त्या मुलाच्या रॅकला मी दुसऱ्याच दिवशी रबरी कोपरे लावून घेतले. उरलेल्या रांगांना लावून होईपर्यंत त्यांचं खालचं सामान काढून वाट अडवून ठेवली होती. बूट घेऊन मी त्याच्या घरी गेले, दार आईनेच उघडलं. मुलाला तीन टाके पडले होते. कोपरे लावल्याचं मी तिला सांगितलं. "सगळ्या रांगांना?" तिने विचारलं. अजून दोन राहिल्यात म्हटल्यावर ती म्हणाली, "मग त्या झाल्या की कळवा." शुक्रवारी झाल्या, तेव्हा मी फोन केला.