शाळेच्या फ्लॉपीतलं जुनं इंटरनेट वाचवताना

माजी विद्यार्थ्यांचा मेळावा ठरला, स्मरणिका काढायचं ठरलं, की शाळेच्या कपाटातून फ्लॉप्यांचा डबा बाहेर येतो. संगणक कक्षात पहिल्यांदा इंटरनेट आलं तेव्हाच्या खुणा त्यात असतात: सेव्ह केलेली वेबपानं, प्रकल्पासाठी उतरवलेली चित्रं, शाळेच्या पहिल्या संकेतस्थळाच्या फाइली. यातलं बरंच काही परत मिळतं, फक्त क्रम चुकवू नका. आधी फ्लॉपी, मग वेबवरचा शोध, आठवणी लिहून घेणं त्यानंतर. फ्लॉपी दर पावसाळ्यात थोडी थोडी खराब होते, म्हणून तिची घाई.

फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालण्याआधी तिची धातूची झडप बोटाने सरकवा, मधली चकती हळूहळू फिरवा आणि उजेडात बघा. पांढरट ठिपके किंवा जाळी दिसली तर ती बुरशी आहे. कोकणातल्या शाळांत हे हमखास दिसतं. अशी फ्लॉपी वेगळ्या पिशवीत ठेवा आणि सगळ्यात शेवटी हाताळा. ती आधी घातली तर ड्राइव्हच्या हेडला, म्हणजे चकती वाचणाऱ्या भागाला, घाण चिकटते आणि पुढच्या चांगल्या फ्लॉपीवर ओरखडे उठतात.

मग मागच्या बाजूच्या कोपऱ्यातली छोटी खिट्टी सरकवून छिद्र उघडं करा. छिद्रातून आरपार दिसलं की फ्लॉपीवर काही लिहिलं जात नाही. यूएसबीला जोडायचा फ्लॉपी ड्राइव्ह यासाठी पुरतो. विंडोजने ‘फॉरमॅट करायचं का?’ विचारलं तर रद्द करा. त्याचा अर्थ फ्लॉपी रिकामी आहे असा नाही. बहुतेक वेळा सुरुवातीचा भागच वाचता आलेला नसतो.

फाइली एकेक करून ओढून घेऊ नका, पूर्ण फ्लॉपीची इमेज, म्हणजे एकाच फाइलीत तिची हुबेहूब प्रत, काढा. त्यासाठीचे प्रोग्रॅम: लिनक्सवर डीडीरेस्क्यू, विंडोजवर विनइमेज. 1.44 एमबीच्या फ्लॉपीची इमेज बरोबर 14,74,560 बाइटची भरते. कमी भरली तर काम अर्धवट झालंय. डीडीरेस्क्यूच्या बाबतीत नुसत्या आकारावर जाऊ नका, सोबतची मॅप फाइल बघा. न वाचलेले तुकडे कुठले ते तिच्यात नोंदलेलं असतं. इमेजचा मोठा फायदा असा, की पुसलेल्या फाइलींचा मजकूरही तिच्यात बहुधा शाबूत असतो आणि फोटोरेकसारख्या साधनाने तो काढता येतो.

एकाच जागी टकटक आवाज यायला लागला तर थांबा. हेड तिथेच घासत राहिलं तर वरचा थर निघतो, आणि मग कुणालाच काही करता येत नाही. दुसऱ्या ड्राइव्हवर करून बघा. हेडची जागा ड्राइव्हगणिक किंचित वेगळी असते, त्यामुळे एकावर अडलेली फ्लॉपी दुसऱ्यावर चालून जाते. फाइली उघडण्याआधी व्हायरस तपासा. त्या काळी शाळेच्या फ्लॉप्यांतून व्हायरस सर्रास फिरत.

सेव्ह केलेलं वेबपान उघडलं आणि चित्रांच्या जागी रिकामे चौकोन आले, तर पानाच्याच नावाचा फोल्डर कॉपी करायचा राहिलेला असतो. तो दुसऱ्या एखाद्या फ्लॉपीवर सापडतो का बघा.

खरी मेहनत मराठी मजकुरात आहे. पान मराठी असूनही इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसला तर फाइल बिघडलेली नाही, फाँट नाहीये. तेव्हा युनिकोड, म्हणजे सगळीकडे अक्षरं सारखी दिसण्यासाठीची आजची प्रमाण पद्धत, रुळलेला नव्हता. शिवाजी, किरण, डीव्ही-टीटी सुरेख असे फाँट वापरात होते आणि प्रत्येकाची कळ-अक्षरांची जुळणी निराळी होती. पानाचा सोर्स, म्हणजे पानामागचा कोड, उघडा आणि त्यात फाँटचं नाव शोधा. नेमक्या त्याच फाँटचा कन्व्हर्टर, म्हणजे मजकूर युनिकोडमध्ये बदलणारा प्रोग्रॅम, वापरा, अंदाजाने नाही. नंतर काही शब्द डोळ्यांनी तपासा. ‘स्थिती’मधली पहिली वेलांटी बघा: जुन्या फाँटात ती अक्षराच्या आधी टाइप होई, युनिकोडमध्ये नंतर येते, आणि जोडाक्षरापाशी कन्व्हर्टर अडखळतो. ‘वर्षी’तला रफार चुकीच्या अक्षरावर बसलेला असू शकतो. हिंदीसाठी बनवलेला कन्व्हर्टर ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ करून ठेवतो. हे हातानेच सुधारावं लागतं. मूळ फाइल मात्र आहे तशी जपा.

वेबवरच्या शोधासाठी वेबॅक मशीन हा जुन्या वेबपानांचा ऑनलाइन साठा आहे. त्यात 1996 पासूनची पानं आहेत. शाळेचं नाव टाकून फारसं हाती लागत नाही, जुना पत्ता लागतो. तो जुनं लेटरहेड, माहितीपुस्तिका किंवा त्या वर्षीची स्मरणिका यांवर मिळतो. पत्ता जिओसिटीजचा, म्हणजे फुकट वेबपानं बनवून देणाऱ्या जुन्या सेवेचा, असला तरी निराश होऊ नका. ती सेवा 2009 च्या ऑक्टोबरमध्ये बंद झाली, पण त्याआधी तिची पुष्कळ पानं साठवली गेली. पत्त्याच्या शेवटी तिरपी रेघ आणि तारा (/*) टाकला की त्याखालच्या साठवलेल्या सगळ्या फाइलींची यादी येते. चित्र एका तारखेला नसेल तर आधीची आणि नंतरची तारीख उघडा. प्रतीच्या पत्त्यात चौदा आकडी संख्या असते: वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट, सेकंद. ती वेळ आपली नाही. साडेपाच तास मिळवले की भारतातली वेळ येते.

मेलचं बहुतेक गेलेलंच असतं. न वापरलेली खाती कंपन्यांनी रिकामी केली, आणि याहूने 2013 मध्ये तसे आयडी नव्या लोकांना द्यायला सुरुवात केली. त्यामुळे जुन्या पत्त्यावर खासगी काही पाठवू नका.

आठवणी लिहून घेताना ‘कोणत्या साली?’ असं थेट विचारलं की लोक ठोकताळ्याने सांगतात. त्याऐवजी पडद्यावर काय होतं ते विचारा, त्यावरून साल ताडता येतं. व्हीएसएनएल या तेव्हाच्या सरकारी कंपनीने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं 15 ऑगस्ट 1995 ला, हॉटमेल आलं जुलै 1996 मध्ये, गूगल कंपनी सप्टेंबर 1998 ची, ऑर्कुट जानेवारी 2004 चं. शाळेत पहिल्याच दिवशी गूगलवर शोधलं असं कुणी सांगितलं, तर ते 1998 च्या आधीचं नाही. मोडेमचा आवाज, एका कॉम्प्युटरपुढे किती जण बसत, फोन कुठल्या खोलीतून ओढला होता, हे आवर्जून विचारा. हे कुठल्याही फाइलीत सापडत नाही.

इमेज, बदललेला मजकूर आणि मूळ फाइल अशा तिन्ही गोष्टी एकाच फोल्डरमध्ये ठेवा. फोल्डरच्या नावात फ्लॉपीच्या लेबलवरचा मजकूर जसाच्या तसा घ्या आणि लेबलचा फोटोही आत टाका. एक प्रत शाळेत, एक बाहेर. स्मरणिकेत छापण्याआधी गेस्टबुकातले (संकेतस्थळावरच्या अभिप्राय-वहीतले) मुलांचे फोन नंबर आणि घरचे पत्ते काढून टाका.