संकरित ज्वारीचा जोम रानात का दिसत नाही? या चुका टाळा

काही वर्षांपूर्वी आम्ही घरच्या दोन एकरांत रब्बीला संकरित ज्वारी पेरली. परतीचा पाऊस लांबला, काळ्या रानाला वाफसा येईना, आणि पेरणी ऑक्टोबरच्या अखेरीस गेली. पीक मात्र असं उठलं की येणारा-जाणारा बांधावर थांबून बघायचा. जानेवारीत पीक निसवल्यावर, म्हणजे कणसं बाहेर पडल्यावर, वडिलांनी एक कणीस हातात घेऊन त्यावर अंगठा दाबून फिरवला. दाणे लागायला हवे होते तिथे तुसं चुरगळली. कणसाच्या वरच्या भागात तुरळक दाणे, बाकी पोचट. बियाणं फसवं निघालं, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं.

बियाणं फसवं नव्हतं, आमची तारीख चुकली होती. संकरजोम पिशवीत बंद करून मिळत नाही, हे मला त्या वर्षी कळलं. दोन वेगळ्या शुद्ध वाणांचा संकर केला की पहिल्या पिढीची रोपं आईबापांपेक्षा सरस निघतात, हे खरं. पण ती किती सरस निघतील हे थंडी, ओल, मातीची खोली आणि पावसाची वेळ ठरवते.

थंडीचा हिशेब न करता पेरणे

आमची चूक हीच, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर सांगतो. संकरित ज्वारीचं बियाणं तयार करताना आई-वाण नरवंध्य घेतात. त्याच्या फुलोऱ्यात जिवंत पराग नसतो. बाप-वाणाकडून येणारं जनुक पहिल्या पिढीत पराग पुन्हा जिवंत करतं, म्हणून तुमच्या रानातलं कणीस भरतं. पीक पोटरीत (कणीस अजून पानाच्या आवरणात) ते फुलोऱ्यात असताना रात्रीचं तापमान १० अंशांच्या खाली गेलं, की बऱ्याच संकरांत या जनुकाचं काम अर्धवट राहतं. पराग कमी पडतो आणि दाणा धरत नाही. मालदांडीसारख्या सरळ (म्हणजे संकरित नसलेल्या) वाणात ही नरवंध्यत्वाची भानगडच नसल्याने ती थंडीत बऱ्यापैकी भरते. बांधापलीकडची मालदांडी भरली आणि आपलं संकरित वाण पोचट राहिलं, तर आधी ही शंका घ्या.

यातून दुसरं दुखणंही येतं. परागाची वाट बघत उघडं राहिलेलं फूल अरगटाच्या बुरशीला आयतं सापडतं. कणसातून मधासारखे चिकट थेंब गळताना दिसले तर ते मुळात दाणा न धरल्याचं लक्षण आहे.

उपाय दोन. रब्बीसाठीच तयार केलेला संकर घ्या (सी.एस.एच. १५ आर, सी.एस.एच. १९ आर हे त्यातले). खरिपाचा संकर स्वस्त मिळाला म्हणून रब्बीत पेरू नका. आणि पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबरच्या दरम्यान उरका. पेरणीपासून ७०-७५ दिवसांनी फुलोरा धरला, तर वेळेवर पेरलेलं पीक कडाक्याच्या थंडीआधी फुलून जातं. तारीख हुकली असेल तर संकराचा हट्ट सोडा आणि सरळ वाण पेरा. आम्ही त्या वर्षी तेवढं केलं असतं तर निदान घरची भाकरी सुटली असती.

हलक्या रानात संकर टाकणे

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या शिफारशीत रब्बी ज्वारीची वाणं जमिनीच्या खोलीनुसार वाटलेली आहेत. सुमारे ३० सेंटिमीटर खोलीच्या हलक्या रानाला फुले अनुराधा, ६० सेंटिमीटरपर्यंतच्या मध्यम रानाला फुले सुचित्रा किंवा मालदांडी, त्याहून भारी रानाला फुले वसुधा, फुले यशोदा. वर सांगितलेले दोन संकर भारी आणि बागायती रानाच्या यादीत येतात, हलक्या रानाच्या यादीत नाहीत. याचं कारण समजून घ्यायला हवं.

रब्बी ज्वारी बहुतेक जमिनीत साठलेल्या ओलीवर जगते. जोमदार पीक सुरुवातीलाच मोठी पानं काढतं आणि ती ओल भराभर पितं. खोल काळ्या रानात खाली शिल्लक राहते. हलक्या रानात पीक फुलोऱ्यात येईपर्यंत साठा संपलेला असतो आणि दाणा भरायच्या दिवसांत हाल सुरू होतात. जो जोम नोव्हेंबरमध्ये डोळ्यांत भरला, तोच जानेवारीत अंगाशी येतो.

त्याच वेळी खडखड्या रोग येतो. पीक वरून वाळल्यासारखं दिसतं आणि थोड्या वाऱ्यानेही लोळतं. असं ताट बुडाशी उभं चिरून बघा: आतला गाभा गायब, नुसते सुटे धागे, आणि त्यांवर काळी पूड चिकटल्यासारखे बारीक ठिपके. ही बुरशी मातीतलीच असते. दाणा भरताना ताण बसला, दाटी जास्त असली आणि नत्राचा मारा झाला की ती उसळते. त्यामुळे कोरडवाहू रानात ४५ × १५ सेंटिमीटर अंतर सोडू नका. त्या हिशेबाने एकरी साधारण ६० हजार ताटं बसतात. उगवण दाट झाली तर विरळणी करा, जीव तुटला तरी करा. हेक्टरी नत्र भारी रानाला ६० किलो, मध्यमला ४० आणि हलक्याला २५ एवढंच. पेरणीनंतर तिसऱ्या, पाचव्या आणि आठव्या आठवड्यात कोळपणी करा. तिसरी कोळपणी भेगा बुजवून ओल राखते. एखादं पाणी देता येत असेल तर ते पोटरीच्या वेळी, ५०-५५ दिवसांनी द्या.

खरिपात उशीर करणे

खरिपाची गोष्ट उलटी. महाराष्ट्रात संकरित ज्वारी रुजली ती खरिपात, १९६४ साली सी.एस.एच. १ आल्यानंतर. जुनी गावरान वाणं दिवस लहान झाल्याशिवाय फुलत नसत, म्हणून त्यांचा दाणा पाऊस सरल्यावर पिकायचा. संकर त्या बंधनातून सुटला आणि लवकर तयार होऊ लागला. उत्पादन वाढलं, पण दाणा नेमका सप्टेंबरच्या पावसात सापडला. ‘हायब्रीड काळी पडते’ ही तक्रार इथून आली. तो दोष जितका वाणाचा, तितकाच हंगामाशी न जुळलेल्या वेळेचा.

तो टाळायचा म्हणून पेरणी पुढे ढकलली तर खोडमाशी वाट बघत असते. पेरणी जितकी मागे, तितके पोंगे (रोपाचे मधले कोवळे शेंडे) जास्त मरतात. तेव्हा पहिला पेरणीयोग्य पाऊस झाला की आठवडाभरात पेरा, बियाण्याला थायमेथोक्झाम किंवा इमिडाक्लोप्रिडची प्रक्रिया लेबलवरच्या मात्रेने करा, आणि काढणीला थांबू नका. कणसाच्या खालच्या भागातला दाणा सोलून बघा. जिथे तो तुसाला चिकटलेला असतो तिथे काळा ठिपका दिसला, की दाणा पक्व झाला. ओला असला तरी कापा आणि आडोशाला पसरून वाळवा. ठिपका दिसूनही पीक उभं ठेवलं, तर प्रत्येक पाऊस भाव पाडतो.

टक्क्यांवर भुलणे

‘४० टक्के जास्त उत्पादन’ असं कुणी सांगितलं की कशापेक्षा आणि कुठे, हे विचारा. शुद्ध आईबापांच्या तुलनेत संकर नेहमीच भारी दिसतो, कारण ते बिचारे स्वतः कमजोर असतात. ताणाच्या वर्षी तर ते इतके खाली बसतात की संकराचा टक्का उलट फुगतो. तुमची तुलना तुमच्या नेहमीच्या चांगल्या वाणाशी हवी. तीही क्विंटलमध्ये. समजा भारी रानात सरळ वाण २० क्विंटल देतं आणि संकर २८. हलक्या रानात ५ आणि ७. टक्का दोन्हीकडे ४० च, पण एकीकडे ८ क्विंटल हातात येतात, दुसरीकडे २. बियाण्याची पिशवी दोन्हीकडे त्याच किमतीची.

घरचं बियाणं धरणे

संकराच्या कणसातलं बियाणं पुढच्या वर्षी पेरू नका. दुसऱ्या पिढीत उंची, निसवणं, दाणा सगळं विस्कटतं, जोम साधारण निम्म्यावर येतो, आणि नरवंध्यत्व पुन्हा डोकं काढतं: पराग परत आणणारं जनुक एकच असेल, तर चारातलं एक ताट वांझ निघतं. सरळ वाणाचं बियाणं मात्र निवडून तीन-चार वर्षं खुशाल वापरा.

आता आम्ही नवीन संकर घेतला तर त्याच वावरात, त्याच तारखेला, त्याच्या शेजारी मालदांडीच्या सहा ओळी पेरतो. मळणी वेगळी, वजन वेगळं. दाण्यासोबत कडब्याच्या पेंढ्याही मोजतो, कारण आमच्याकडे गोठ्यात चार जनावरं आहेत.