पावसातले खोटे अलार्म आणि घड्याळातला फरक

सह्याद्रीतल्या एका घाटरस्त्याच्या कंट्रोल रूममध्ये मी सिस्टिमचं काम बघतो. पावसाळ्यात कॅमेरे रात्रभर ‘गाडी थांबली’ म्हणून अलार्म द्यायचे. ओल्या डांबरावर हेडलाइटचा उजेड चमकला की सॉफ्टवेअरला ती गाडी वाटायची. कंटाळून ऑपरेटर अलार्म न बघताच बंद करू लागले, आणि मला भीती वाटली ती त्याचीच. वळणावर खरंच ट्रक बंद पडला तर मागच्याला कोण सावध करणार?

मी नियम बदलला: कॅमेऱ्याने गाडी दाखवली आणि पुढच्या रडारवर त्याच लेनचा वेग पडला, तरच अलार्म. पण दोन्ही नोंदी जुळेचनात! दोन दिवस सेटिंग उलटसुलट केल्या. शेवटी कळलं, कॅमेरा सर्व्हर आणि रडार यांच्या घड्याळांत चाळीस सेकंदांचा फरक होता. दोन्ही एकाच एनटीपी सर्व्हरला (नेटवर्कवरून घड्याळं जुळवून ठेवणाऱ्या सर्व्हरला) जोडली, लगेच जुळलं.

आता ऑपरेटरने चित्र बघून होकार दिला की अलीकडच्या फलकावर ‘पुढे वाहन बंद, वेग कमी करा’ आपोआप झळकतं आणि गस्तीच्या गाडीला निरोप जातो. माणसाचा होकार मी मुद्दाम ठेवलाय. दाट धुक्यात कॅमेरा आंधळाच असतो, तेव्हा अलार्मसाठी मी एकटं रडार पुरेसं धरतो.