जुन्या सागवानी कपाटाचं वय कसं काढायचं

नागपुरात महाल, इतवारीकडे एखादा जुना वाडा पडला की त्यातली सागवानी कपाटं विकायला निघतात आणि विकणारा प्रत्येक कपाटाला "शंभर वर्षं जुनं आहे भाऊ" म्हणतोच. म्हणू द्या. आपण कपाट भिंतीपासून ओढायचं आणि पाठ बघायची, कारण पॉलिश दर्शनी भागालाच मारतात, मागचं लाकूड बहुतेक कोरंच असतं.

पाठीच्या फळीवर तळहात फिरवा, टॉर्च आडवा धरा. हातरंध्याने साफ केलेली फळी किंचित वरखाली लागते. गोल करवतीवर चिरलेली असेल तर अर्धगोल रेघा दिसतात. पाठीला प्लायवूड असेल तर मला तरी शंभर वर्षं पटत नाहीत, फक्त ते नंतर ठोकलंय का एवढं बघून घ्या.

मग बिजागरीचे स्क्रू. फुल्लीचा स्क्रू (डोक्यावर अधिकच्या चिन्हासारखी खाच असलेला) अमेरिकेतच 1930 च्या दशकात बाजारात आला, त्यामुळे 1920 चं म्हणून सांगितलेल्या कपाटात तो दिसला तर एकतर बिजागरी बदललीये नाहीतर गोष्ट बनवलीये. बिजागरी बदलली असेल तर शेजारी बुजवलेली जुनी भोकं सापडतात.

खरी मजा ड्रॉवरमध्ये आहे. पूर्ण बाहेर काढा, उलटा करा, दुकानाची चिठ्ठी किंवा शिक्का शोधा. आपल्या नागपूरचं एक बरं आहे, शहर जागेवरच राहिलं आणि राज्य बदलत गेलं. चिठ्ठीवर "नागपूर, सी.पी." (सेंट्रल प्रॉव्हिन्सेस, म्हणजे इंग्रजांच्या काळातला मध्य प्रांत) असेल तर ती बहुतेक 1950 च्या आधीची, "म.प्र." असेल तर 1950 ते 56, "मुंबई राज्य" असेल तर 1956 ते 60, आणि महाराष्ट्र म्हटलं की 1 मे 1960 नंतरचीच. पिनकोड 15 ऑगस्ट 1972 ला सुरू झाला, म्हणजे 440 ने सुरू होणारा नंबर छापलाय तर चिठ्ठी त्यानंतरची. दुकानदार जुन्या चिठ्ठ्या संपेपर्यंत वापरायचे म्हणून दोनचार वर्षं इकडेतिकडे धराच. ड्रॉवरमध्ये अंथरलेल्या पेपरची तारीख मात्र फार मनावर घेऊ नका, पेपर दर दिवाळीला बदलतात.

माप इंचात भरलं म्हणून जुनं समजू नका, आपले सुतार अजूनही इंच आणि सुतातच (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) बोलतात. तडे बघूनही काही ठरवू नका, इथल्या 45 डिग्रीच्या उन्हाळ्यात शेजारी कूलर चालला आणि मग पावसाळा आला की बऱ्यापैकी नवीन फळीपण फाटते.

आणि काळपट रंगाला भुलू नका. पोटॅशियम परमँगनेट फासून लाकूड गडद करता येतं. ड्रॉवरच्या आतल्या बाजू उघड्या हवेला कमी लागतात, त्यामुळे त्या बाहेरच्यापेक्षा थोड्या फिक्या असायला पाहिजेत, आतबाहेर सगळीकडे एकसारखा चॉकलेटी दिसला तर भाव करताना हात आखडता घ्या.