बोनच्या बिस्त्रोत जेवायचं तर दुपारी जा

फ्रान्समधल्या बूर्गोन्य या वाईनच्या प्रांतात येणाऱ्या पाहुण्यांना मी आधीच सांगून ठेवते: बिस्त्रोतलं, म्हणजे इथल्या छोट्या, साध्या खानावळीतलं जेवण दुपारचं, तेही मंगळवार ते शुक्रवारातलं, आणि दाराशी काळ्या फळ्यावर जे लिहिलंय त्यातलंच. रात्रीच्या मेणबत्त्या, मोठं कार्ड, वाईनची जाडजूड वही हे सगळं दिसतं छान. पण तेच स्वयंपाकघर दुपारी बऱ्याच कमी पैशांत जेवू घालतं, आणि माझ्या मते जास्त मन लावून.

आम्ही राहतो दिजाँला, पण जेवायला लोकांना नेते बोनला. पॅरिसच्या गार द लियों स्थानकावरून वेगवान गाडीने दिजाँ साधारण दीड तास, पुढे छोट्या प्रादेशिक गाडीने बोन वीस-पंचवीस मिनिटं. दिजाँहून निघताना उजवीकडची खिडकी पकडा. जेव्ह्रे-शांबेर्तां, व्हूजो, न्वी-सँ-जॉर्ज ही बाटल्यांवर वाचलेली नावं त्या बाजूच्या उतारावर एकामागून एक येतात. बोन गाव चिमुकलं आहे, स्थानकापासून जुन्या तटबंदीच्या आत चालत जाता येतं. रंगीत कौलांचं प्रसिद्ध छप्पर आहे ते ओस्पिसचं. बूर्गोन्यच्या ड्यूकचा मुख्य मंत्री निकोला रोलँ याने १४४३ साली गरिबांसाठी काढलेलं हे रुग्णालय आता संग्रहालय आहे. नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी ओस्पिसच्या वाईनचा लिलाव होतो. त्या शनिवार-रविवारी गावात पाय ठेवायला जागा नसते, टेबल मिळणं तर सोडाच. तेवढे दिवस टाळा.

वेळेच्या बाबतीत इथे कुणी ऐकून घेत नाही. स्वयंपाकघर बाराला सुरू होतं आणि दोनच्या आसपास बंद. पावणेदोनला दारात उभं राहिलात तर हसून ‘नाही’ म्हणतील, पण ‘नाही’च म्हणतील. रात्रीचं जेवण सात-साडेसातच्या आधी नाही. मधल्या तीन-चारच्या वेळी भूक लागली तर कॅफेत सँडविच किंवा बेकरीतला पाव. रविवारी रात्री आणि सोमवारी बरीच ठिकाणं बंद असतात, काही बुधवारीही. शनिवारी सकाळी मोठा बाजार भरतो. बाजार बघायला जरूर जा, पण त्या दुपारचं टेबल आधीच सांगून ठेवा. एरवी आदल्या दिवशी फोन पुरतो.

आता फळा. खडूने लिहिलेले दोन-तीन सुरुवातीचे पदार्थ, दोन-तीन मुख्य पदार्थ, दोन गोड. एवढंच. आपल्या खानावळीत ‘आज काय आहे?’ विचारतो, तसलाच हा मामला आहे. शेफला सकाळी जे चांगलं मिळालं ते दुपारी संपवायचं असतं. त्यातले दोन पदार्थ किंवा तिन्ही मिळून ठरलेल्या किमतीत देतात, त्याला फॉर्म्युल म्हणतात. बोनमध्ये कामाच्या दिवशी दुपारी हे १८ ते २५ युरोंत बसतं. रात्री कार्डावरून एकेक पदार्थ मागवला की ४० युरो कधी ओलांडले कळत नाही. ‘मेन्यू’ मागितलात तर वेटर हेच ठरलेलं जेवण समजेल, यादी हवी असेल तर ‘ला कार्त’ म्हणा. आणि ‘आंत्रे’ म्हणजे सुरुवातीचा पदार्थ, मुख्य नव्हे.

किमती दाराबाहेर लावणं बंधनकारक आहे, त्यामुळे बाहेर उभं राहून निवांत वाचा, पटलं तरच आत जा. ओस्पिसच्या समोरासमोर, सहा भाषांत आणि पदार्थांच्या फोटोंसकट कार्ड लावलेलं दिसलं तर मी पुढे चालू लागते. झाकणाच्या जागी घराचं छप्पर असलेल्या भांड्याचं छोटं चित्र पदार्थाशेजारी असेल, तर तो कच्च्या मालापासून तिथेच बनवलाय असा अर्थ. फ्रान्समध्ये ही खूण २०१४पासून आहे.

आत शिरताच ‘बोंजूर’ म्हणा, मोठ्याने, स्वच्छ. हे वगळून थेट ‘टेबल फॉर टू’ म्हणालात तर पुढचा तासभर थंड वागणूक ठरलेली. मग लोक रागावून लिहितात की फ्रेंच वेटर उद्धट असतात. बोंजूर म्हणून दाराशीच थांबा, जागा ते दाखवतात. आपण होऊन खिडकीपाशी जाऊन बसू नका.

बसलात की विचारतील, सुरुवातीला काही घेणार का. इथे ‘कीर’ घ्या. आलिगोते नावाच्या खटसर पांढऱ्या वाईनमध्ये काळ्या करंटचं मद्य, म्हणजे क्रेम द कासिस, थोडंसं. हे पेय लोकप्रिय केलं फेलिक्स कीर यांनी. ते धर्मगुरू होते आणि १९४५ ते १९६८ दिजाँचे महापौर. पाहुण्यांना हेच पाजायचे, म्हणून त्यांचंच नाव पडलं. कासिस जास्त ओतला की ते सरबत होतं. गडद लाल ग्लास आला तर समजा वाईन साधी आहे आणि ती झाकायचीय.

पाणी मागताना ‘उन काराफ दो’ म्हणा. नळाचं पाणी, फुकट, जेवणासोबत द्यावंच लागतं. नुसतं ‘वॉटर’ म्हणालात की बाटली उघडली जाते आणि बिलात पाच-सहा युरो येतात. पावही जेवणात धरलेला असतो. त्याच्यासाठी वेगळी बशी नसते, टेबलावरच ठेवायचा.

फळ्यावर ‘अ आं मरेत’ दिसलं की मी दुसरं काही बघत नाही. वाईनच्या रश्शातली पोच केलेली, म्हणजे फोडून गरम पाण्यात सोडून शिजवलेली अंडी. खोलगट बशीत लसूण चोळलेला, भाजलेला पाव, त्यावर दोन थरथरती अंडी आणि भोवती जवळजवळ काळा, चकचकीत रस्सा. पिनो न्वार या द्राक्षाच्या लाल वाईनमध्ये कांदा आणि थाईम घालून ती आटवतात, शेवटी लोण्याने दाट करतात. रंग पाहून पहिल्यांदा बिचकायला होतं. चमच्याने अंडं फोडा. पिवळा बलक त्या काळपट रश्शात पसरतो, आणि वाईनचा आंबटपणा क्षणात मवाळ होतो. रस्सा कच्चट, तोंड आकसून टाकणारा लागला तर वाईन पुरती आटलेली नाही, शेफ घाईत होता. चांगला असेल तर बशी पावाने पुसून काढा, बिस्त्रोत ते चालतं. एक सांगायलाच हवं: त्यात लार्दों, म्हणजे खारवलेल्या डुकराच्या मांसाचे तुकडे असतात.

हे लार्दों सगळीकडे घुसतात. सॅलडमध्ये, कोंबडीच्या कॉक ओ व्हँमध्ये, कधी बटाट्यांतही, आणि ‘मांस आहे का’ विचारलं तर ‘नाही, सॅलड आहे’ असं उत्तर मिळू शकतं. त्यामुळे प्राण्याचं नाव घेऊन विचारा. बफ म्हणजे गोमांस, व्हो म्हणजे वासराचं, पोर म्हणजे डुकराचं, लापँ म्हणजे ससा, कानार म्हणजे बदक, पुले म्हणजे कोंबडी. इथली जगप्रसिद्ध बफ बूर्गिन्योंही बीफच, तेव्हा खाणाऱ्यांनीच त्या वाटेला जावं. स्टेक इथे ‘आ प्वँ’ मागवलात तरी आत गुलाबी येतो, पूर्ण शिजलेला हवा तर ‘ब्यँ क्वी’ सांगा. तार्तार म्हणजे कच्चं मांस. आंदुयेत म्हणजे आतड्यांचं सॉसेज, त्याचा वास बशीच्या आधी पोहोचतो. मटणाची वजडी आवडीने खाणारा माझा नवराही आंदुयेतला हात लावत नाही. गोगलगायी मात्र खाऊन बघा. सहाच मागवा, बारा नको. त्यांना स्वतःची चव बेताची, मजा त्या लसूण-पार्सलीच्या लोण्याची आहे.

शाकाहारी माणूस सोबत असेल तर फोन करतानाच सांगा. ऐन बाराच्या गर्दीत शेफकडून दयेची अपेक्षा ठेवू नका. सासूबाई आल्या तेव्हा मी तसंच केलं. त्या अंडंही खात नाहीत, त्यामुळे चीजचे गरमागरम फुगे, गूजेर, बाद झाले, त्यांच्या पिठात अंडं असतं. कांद्याचं सूपही नाही, ते बहुतेकदा बीफच्या स्टॉकवर करतात. राहिलं काय? भाजलेल्या बकरीच्या चीजचं सॅलड, लार्दोंशिवाय. मुख्य पदार्थाच्या जागी साय घालून भाजलेले बटाटे, ग्रातँ दोफिन्वा, मोठ्या वाटीत, कारण एरवी ते तोंडीलावणं असतं. त्यात काही ठिकाणी अंडं घालतात, ते विचारून घेतलं. चीज घट्ट करायला बहुधा वासराच्या पोटातलं रेनेट वापरतात, ते ज्यांना चालत नाही त्यांनी चीजही सोडावं. सासूबाईंनी तिथे डोळेझाक केली. गोडाला मूस, क्रेम ब्रूले सगळ्यांत अंडी, म्हणून दालचिनी-लवंगा घालून लाल वाईनमध्ये शिजवलेलं पेअर घेतलं.

“आई, यात वाईन आहे हं.”

“शिजवलीय ना?”

“हो, तासभर तरी.”

“मग दे इकडे.”

आता वाईन. इथे लोक उगाच घाबरतात. बूर्गोन्यची उतरंड साधी आहे: सगळ्यात खाली नुसती ‘बूर्गोन्य’, मग गावाच्या नावाची, मग प्रम्ये क्र्यू, सगळ्यात वर ग्राँ क्र्यू. लाल म्हणजे जवळपास नेहमी पिनो न्वार, पांढरी म्हणजे शार्दोने, नाहीतर आलिगोते. एकाच टेकडीवरच्या शेजारच्या दोन तुकड्यांची वाईन वेगळी लागते म्हणून प्रत्येक तुकड्याला नाव आहे. त्यांना क्लिमा म्हणतात, आणि २०१५मध्ये युनेस्कोने त्यांना जागतिक वारशात घेतलं. बिस्त्रोत ग्राँ क्र्यू मागवणं म्हणजे पैशांची नासाडी. ती एकूण वाईनच्या जेमतेम एक-दोन टक्के, बाटलीला शेकडो युरो, आणि बहुतेकदा पुरती मुरायच्या दहा वर्षं आधीच उघडलेली. मी पांढऱ्यात बूझरोंची आलिगोते घेते, लालमध्ये साव्हिन्यी-ले-बोन किंवा टेकडीच्या वरच्या, थंड अंगाची ओत-कोत द बोन. अंड्यांच्या रश्शासोबत लालच.

दोघांत बाटली जड होते, दुपारी तर नक्कीच. ग्लास साधारण १२५ मिलिलिटरचा असतो. सुटी वाईन पिशेत, म्हणजे छोट्या सुरईत, २५० किंवा ५०० मिलिलिटर मिळते, ती मागायला लाज वाटून घेऊ नका, शेजारच्या टेबलावरचे द्राक्षबागायतदारही तीच पीत असतात. बाटलीच हवी तर यादीतल्या एका किमतीवर बोट ठेवून “या आसपासची काय सुचवाल?” असं विचारा. पाहुण्यांसमोर आकडा उच्चारावा लागत नाही, आणि वेटरला नेमकं कळतं.

बाटली उघडून घोटभर ओततात तो आवडली का विचारण्यासाठी नव्हे. ओल्या पुठ्ठ्यासारखा, बुरसट वास आला तर बूच बिघडलेलं आहे. ‘बूशोने’ म्हणा, बदलून देतात. वास ठीक असेल तर होकारार्थी मान हलवा, झालं. निव्वळ आवडली नाही म्हणून परत करता येत नाही.

गोडाच्या आधी चीज. इथलं एप्वास बूर्गोन्यच्या मार नावाच्या कडक दारूने धूत-धूत पिकवतात. वास भयंकर, चव त्या मानाने कितीतरी सौम्य, चमच्याने खाण्याइतकं मऊ. कॉफी सगळं झाल्यावर, काळी, छोटी. जेवणासोबत कॅपुचिनो मागितला तर आणतील, पण आधी एकदा खात्री करून घेतील.

बिल मागितल्याशिवाय येत नाही, याला दुर्लक्ष समजू नका. बिल आणून ठेवणं म्हणजे ‘उठा आता’ असं सांगणं. ‘लादिस्यों, सिल व्हू प्ले’ म्हणा. सेवाशुल्क किमतीत धरलेलंच असतं, टीपची सक्ती नाही. मन खूश झालं तर दोन-चार युरो टेबलावर ठेवा. उरलेलं अन्न बांधून द्या म्हणायला संकोच नको, जुलै २०२१पासून मागितल्यावर डबा देणं कायद्याने बंधनकारक आहे.

गाडी घेऊन आला असाल तर चालवणाऱ्याने कीरवरच थांबावं, तेही नको असेल तर उत्तम. मर्यादा लिटरभर रक्तात ०.५ ग्रॅम आहे, नव्या परवानाधारकांना ०.२, आणि मरेतच्या दुपारी ती ओलांडायला वेळ लागत नाही. सायकलवाल्यांनाही नियम लागू आहे. बोनहून पोमार, व्होलने, मर्सो अशी द्राक्षबागांमधून सॉंतनेपर्यंत सायकलवाट जाते, भाड्याने सायकल गावातच मिळते. ती सकाळी नऊलाच घ्या, मर्सोपर्यंत जाऊन परत या, सायकल देऊन टाका आणि बाराच्या ठोक्याला टेबलावर हजर राहा.