वारशात आलेली जीप: रंगाच्या डब्याआधी या चुका टाळा

महाराष्ट्रात शेतकऱ्यांच्या, ठेकेदारांच्या, गावातल्या पुढाऱ्यांच्या घरी अजूनही एखादी महिंद्रा जीप शेडमध्ये उभी सापडते. कुठे उंच बॉनेटची पेट्रोल सीजे-३बी, कुठे डिझेल ५००डी, कुठे १९८५ नंतरची प्युजो इंजिनाची एमएम ५४०. जिने रानात शेणखत वाहिले, लग्नाची वऱ्हाडे नेली आणि निवडणुकीत कर्णे बांधून गावे पालथी घातली, ती गाडी आता नातवाच्या किंवा लेकीच्या वाट्याला येते आणि घरात ठरते, हिला पुन्हा उभी करायची.

ठरवणे चांगलेच आहे. या गाड्या फार सोशिक असतात, वर्षानुवर्षे पाऊस खाऊनही वाचतात. मात्र शेडमधून बाहेर काढल्यावर पहिल्या काही महिन्यांत जी घाई होते, तिने यांतल्या बऱ्याच कायमच्या बिघडतात. पैसे रंगावर आणि टायरवर संपतात, ब्रेक तसेच राहतात. माझ्या मते क्रम एकच: कागद, ब्रेक, स्टिअरिंग, इंधन, इंजिन, आणि सगळ्यात शेवटी पत्रा-रंग.

कागद नंतर बघू, असे म्हणू नका

मालक वारला म्हणून गाडी आपोआप वारसाच्या नावावर होत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मृत्यूनंतर ३० दिवसांत आरटीओला कळवायचे आणि ३ महिन्यांच्या आत वारसाच्या नावावर करण्याचा फॉर्म ३१ भरायचा असतो. बऱ्याच घरांत हे वर्षानुवर्षे राहून जाते. उशीर झाला तरी काम होते, पण सगळ्या वारसांची संमती लागते. काका-आत्या हयात आहेत, तोवर सह्या घेऊन ठेवा. पुढे वारसांची संख्या वाढत जाते आणि काम अवघड होते.

खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, नंतर दर ५ वर्षांनी नूतनीकरण. त्यासाठी आरटीओत गाडीची तपासणी होते आणि इन्स्पेक्टर चासी नंबर बघतो. इथेच जुन्या जिपा अडकतात. वेल्डिंगवाल्याने ग्राइंडर फिरवून किंवा पेंटरने जाड थर चढवून नंबर बुजवलेला असतो. कामाला हात लावण्याआधी चासी आणि इंजिनाचे नंबर साफ करा, फोटो काढा, आरसीशी ताडून बघा. आरसीवर पेट्रोल आणि बॉनेटखाली डिझेल, हा प्रकार तर सर्रास आढळतो. एके काळी पेट्रोल परवडेना म्हणून अनेकांनी इंजिने बदलली आणि नोंद केलीच नाही. ही तफावत आधी मिटवा, नाहीतर पुढचा सगळा खर्च अडकून पडेल.

२०२१ पासून व्हिंटेज नोंदणीची वेगळी सोय आहे. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे पूर्ण झालेली आणि मूळ रूपातली गाडी तिला पात्र ठरते. ही नोंदणी १० वर्षे चालते. पण अशी गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही. रॅली, प्रदर्शन, इंधन, दुरुस्ती एवढ्यापुरतीच. जीप शेतावर न्यायची असेल तर साधे नूतनीकरणच बरे. एमएम ५४० असेल तर प्रश्नच नाही, तिची पन्नाशी २०३५ च्या आधी येत नाही.

ट्रॅक्टरला बांधून ओढू नका

गाडी बाहेर काढायच्या दिवशी चार माणसे जमतात, ट्रॅक्टरची बॅटरी येते, सेल्फ मारला जातो. इंजिन फिरत नाही असे दिसले की दोर बांधून, गिअर टाकून गाडी ओढतात. याहून वाईट सुरुवात नाही. वर्षानुवर्षे बंद इंजिनात रिंगा बोअरला चिकटलेल्या असतात, एखादा व्हॉल्व्ह उघडाच अडकलेला असतो. ओढले की रिंग तुटते किंवा पुश रॉड वाकतो, आणि जे इंजिन तेल-पाणी बदलून सुरू झाले असते ते बोअरिंगला, म्हणजे सिलिंडर नव्याने कापून घ्यायला जाते.

पेट्रोल असेल तर स्पार्क प्लग काढा, डिझेल असेल तर हीटर प्लग किंवा नोझल. प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे पातळ तेल सोडा आणि दोन-तीन दिवस विसरून जा. मग हँडलने, हँडल नसेल तर क्रँक पुलीच्या नटाला पाना लावून, हलक्या हाताने फिरवून बघा. एका जागी अडले तर जोर करू नका, उलटे फिरवा, पुन्हा तेल सोडा. मोकळे फिरायला लागल्यावर जुने ऑइल काढून नवे घाला, फिल्टर बदला, आणि प्लग बाहेर असतानाच सेल्फ मारून ऑइल प्रेशरचा काटा हलतो का ते पाहा. एअर क्लीनरही उघडा. या गाड्यांना तेलाचा एअर क्लीनर असतो आणि उंदरांना तो फार आवडतो.

टाकीतले जुने इंधन ‘थोडे नवे घालून’ वापरू नका. जुन्या डिझेलच्या तळाशी पाणी आणि शेवाळासारखा गाळ साठतो, तो थेट पंपात जातो आणि पंप-नोझलचे काम स्वस्तात होत नाही. पेट्रोलचा तर चिकट राळेसारखा थर बनून कार्ब्युरेटरची जेट बुजतात. शिवाय आता पंपावर बहुतेक ठिकाणी ई२० मिळते, म्हणजे २० टक्के इथेनॉल. सीजे-३बीच्या काळातला रबरी पाइप आणि गाडीतल्या इंधन पंपाचा पडदा यासाठी बनलेला नाही. तो फुगतो, तडकतो आणि गळतो. टाकी सीटखाली असलेल्या गाडीत ही गळती किती धोक्याची आहे ते वेगळे सांगायला नको. इथेनॉल सोसणारा पाइप मीटरवर मिळतो. टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंत सगळा बदला आणि गाडीत एक चांगला फायर एक्स्टिंग्विशर ठेवा.

डिझेल जीप सुरू होऊन मिनिटाभरात बंद पडत असेल तर पंप उघडायची घाई नको. बहुतेक वेळा ती हवा ओढत असते. तडकलेला पाइप, फिल्टरच्या वाटीचे पॅकिंग, पुन्हा वापरलेले तांब्याचे वॉशर एवढे आधी तपासा. मग फिल्टरवरचा स्क्रू सैल करून, बुडबुडे थांबेपर्यंत हातपंप मारा.

सीजे-३बीच्या हरिकेन इंजिनात एक खुबी आहे. इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये. ज्याने हे इंजिन कधी उघडले नाही तो मेकॅनिक हेड उतरवून व्हॉल्व्ह घासतो, वर बसवतो आणि कॉम्प्रेशन काही येत नाही, कारण एक्झॉस्ट व्हॉल्व्ह तसेच राहिलेले असतात. टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, तीही दोन ठिकाणी सेट करायची असते, थंड इंजिनावर इनटेक ०.०१८ इंच आणि एक्झॉस्ट ०.०१६ इंच. गॅरेजवाल्याला काम देण्याआधी हे इंजिन त्याने कधी उघडले आहे का, एवढे जरूर विचारा.

‘थर्मोस्टॅट काढून टाका, गरम होणार नाही,’ हा सल्लाही ऐकू नका. गाडी गरम होते ती बोअरवेलच्या क्षाराने रेडिएटर आणि ब्लॉक भरल्यामुळे. थर्मोस्टॅट काढला की इंजिन कायम थंड राहून झिजते आणि मूळ दुखणे तसेच राहते.

ब्रेक

इथे तडजोड करूच नये. जुन्या जिपांमध्ये चारही चाकांना मिळून एकच ब्रेक लाइन असते. एका चाकाचा सिलिंडर गळला की चारही ब्रेक जातात, आणि आधी सूचना मिळेलच असे नाही. म्हणून ‘हा एकच गळतोय, तेवढा बदला’ असे करू नका. मास्टर सिलिंडर, चारही व्हील सिलिंडर आणि तिन्ही लवचिक पाइप एकदम बदला, लोखंडी पाइप हात फिरवून, गंज खरवडून तपासा.

रबरी पाइप बाहेरून धडधाकट दिसतो आणि आतून फुगलेला असतो. मग दाब जातो पण परत येत नाही, ते चाक धरून राहते. दहा किलोमीटर चालवून प्रत्येक ड्रमजवळ हात न्या. एखादा जास्त तापला असेल तर शू आधी पाहा, पण पाइप विसरू नका. सीजे जिपेचा मास्टर सिलिंडर पायाखाली, फळीखाली असतो. झाकण उघडण्याआधी आजूबाजूची माती पुसून घ्या, नाहीतर ती सरळ ब्रेक ऑइलमध्ये पडते. त्यात इंजिन ऑइल चुकूनही घालू नका, सगळे रबर फुगून बसेल. आणि जुन्या लायनरची धूळ कॉम्प्रेसरने उडवू नका. तिच्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते. ओल्या फडक्याने पुसा, तोंडाला मास्क लावा.

हँडब्रेकबद्दल मात्र दोन गोष्टी जिवाशी संबंधित आहेत. या जिपांचा हँडब्रेक मागच्या चाकांवर नसतो, ट्रान्सफर केसच्या (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणाऱ्या पेटीच्या) मागे, शाफ्टवर असतो. म्हणजे मागचा शाफ्ट काढला की हँडब्रेक उरतच नाही. आणि मागचे एक चाक जॅकवर उचलले की डिफरन्शियलमधून (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरमधून) ते फिरू शकते, गाडी घसरते. जॅक लावण्याआधी बाकीच्या चाकांना दगड किंवा लाकडी ठोकळे लावा, फक्त हँडब्रेकवर विसंबून गाडीखाली कोणीही जाऊ नये. हँडब्रेक धरत नसेल तर लायनर बदलण्याआधी ट्रान्सफर केसचा मागचा सील पाहा. गिअर ऑइल ड्रममध्ये उतरलेले असते आणि नवे लायनरही आठवड्यात तेलकट होतात.

डांबरी रस्त्यावर फोर-बाय-फोर

वापरातली सगळ्यात महागडी चूक हीच. या जिपांमध्ये पुढच्या आणि मागच्या हाउसिंगच्या (अ‍ॅक्सलच्या) मधे वेगळा डिफरन्शियल नाही. वळणावर पुढची चाके जास्त अंतर कापतात. चिखलात, वाळूत चाके थोडी घसरून तो फरक भरून काढतात. कोरड्या डांबरावर घसरायला जागा नसते, म्हणून ताण शाफ्टच्या क्रॉसवर आणि ट्रान्सफर केसच्या गिअरवर चढतो. शेवटी फोर-बाय-फोरचा लिव्हर निघेनासा होतो. असा अडकला तर हातोडा किंवा पाइप लावू नका. गाडी सरळ रेषेत काही फूट मागे घ्या किंवा एक चाक जॅकने उचला, ताण सुटला की लिव्हर आपोआप येतो.

पुढे अर्धे झिजलेले टायर आणि मागे नवी जोडी, याचाही परिणाम तोच, आणि तो तर सरळ रस्त्यावरही होतो. चारही टायर एकाच मापाचे, एकाच झिजेचे हवेत. सीजे-३बीचे मूळ माप ६.०० बाय १६ असे अरुंद आहे. रुंद, जाड टायर फोटोत देखणे दिसतात, पण किंगपिन (पुढचे चाक ज्यावर वळते ती खुंटी), स्टिअरिंग बॉक्स आणि तुमचे खांदे ते ओझे वाहतात. चिखलात अरुंद टायर खाली जाऊन पक्की जमीन पकडतो, ही या जिपेची जुनी ताकद आहे. ती घालवू नये.

सीजेची लो रेंज, म्हणजे जास्त ओढीचा हळू गिअर, पुढची चाके जोडल्यावरच पडते. लो लागत नाही म्हणून ट्रान्सफर केस उघडायला निघालेल्यांनी हे आधी बघावे. लिव्हर गाडी थांबवूनच टाका.

ऑइलमध्येही सरसकट एकच डबा वापरू नका. डिफरन्शियलला जीएल ५ प्रतीचे ९० नंबर गिअर ऑइल चालते. गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केसमध्ये पितळी-ब्राँझचे भाग आहेत, त्यांना जीएल ४ घाला. गिअरबॉक्सची पातळी वाढतेय आणि ट्रान्सफरची उतरतेय असे दिसले तर दोघांमधला सील गेला आहे.

स्टिअरिंगची थरथर

ताशी पन्नासच्या आसपास खड्डा लागला की पुढची चाके जोरात हलायला लागतात, स्टिअरिंग हातात राहत नाही. यावर सोपा उपाय म्हणून डॅम्पर बसवला जातो. त्याने दुखणे फक्त झाकले जाते. टायरचा बॅलन्स आणि हवा तपासा, मग चाक जॅकवर घेऊन वर-खाली धरून हलवा. खेळ असेल तर व्हील बेअरिंग आणि किंगपिनचे बेअरिंग पाहा, त्यांचा ताण शिम (पातळ चकत्या) घालून सेट होतो. मग टाय रॉड एंड, शेवटी पाट्यांचे (स्प्रिंगचे) बुश आणि शॅकल. पुढच्या गोल नकलमध्ये (चाक वळते त्या सांध्यात) घट्ट ग्रीस ठासून भरण्याची सवय वाईट आहे. ते बाजूला चिकटून बसते, वरचे बेअरिंग कोरडे राहते.

पत्रा आणि रंग

लांबी (पत्र्यावर भरायची पुट्टी) भरून गंज झाकला की पुढचे दोन पावसाळे पाणी आतच मुरते. सडलेला भाग कापून नवा पत्रा जोडायचा, लांबी फक्त पातळ लहरींपुरती. पण पत्र्याआधी चासी. पाट्यांचे ब्रॅकेट आणि आडव्या बीमचे सांधे टोकदार हातोडीने ठोकून बघा, आवाज बद्द आला तर तिथे गंजाने पोखरलेले आहे. पाणी निघायची छिद्रे मातीने बुजलेली असतात, ती आधी मोकळी करा. कोकणातल्या आणि गोव्यातल्या गाड्यांत हे दुप्पट काळजीने बघा.

आणि काही फेकू नका. मूळ कार्ब्युरेटर, मीटर, दिवे, बॉनेटचे हुक, डॅशवरची पितळी पट्टी हे सगळे जुन्या ठेल्यावर किलोने जाते आणि परत मिळत नाही. हरियाणातल्या मंडी डबवालीहून नवी तयार बॉडी आणता येते, दिसतेही छान. पण मग ती तुमच्या आजोबांची जीप राहत नाही, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार मूळ रचनेत असा बदल करता येत नाही, हेही लक्षात असू द्या.

चालू झाल्यावर

ग्रीस निपल मोजून घ्या, यादी करून डॅशमध्ये ठेवा. साधारण १५०० किलोमीटरला सगळ्यांना ग्रीस. ओढ्यातून गाडी नेली तर किलोमीटर मोजू नका, त्याच आठवड्यात करा. तापलेले हाउसिंग थंड पाण्यात गेले की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढले जाते. ड्रेन प्लग किंचित सैल करून बघा, ऑइल दुधाळ दिसले तर लगेच बदला. हाउसिंगचे ब्रीदर (हवा जायची-यायची छिद्रे) बुजले असतील तर हे हमखास होते.

पावसाळ्यात गाडी शेडमध्येच ठेवणार असाल तर जागच्या जागी दहा मिनिटे इंजिन चालू ठेवून काही साधत नाही, उलट एक्झॉस्टमध्ये पाणी साठते. पंधरा दिवसांतून एकदा १५-२० किलोमीटर चालवा, तीही कच्च्या रस्त्याने, थोडा वेळ फोर-बाय-फोर टाकून, म्हणजे पुढचे गिअरही ऑइलमध्ये फिरतील. परत आल्यावर गिअर टाका, चाकांना ठोकळे लावा आणि हँडब्रेक सोडून ठेवा, लायनर ड्रमला चिकटत नाहीत.