जुन्या सेल सॉर्टरला एअर-कूल्ड लेसर बसवताना: मिलिवॉट नंतर, आधी बीम बघा

सेल सॉर्टर म्हणजे एकेक पेशी लेसरच्या उजेडात ओळखून वेगळी काढणारं यंत्र. आमचा सॉर्टर उघड्या धारेचा, म्हणजे नोझलमधून पेशींची धार हवेत पडते आणि लेसर तिला तिथेच गाठतो. त्याला वॉटर-कूल्ड आर्गॉन लेसर होता. थ्री-फेज लाइन, दहा किलोवॉटच्या वर वीज, मिनिटाला आठेक लिटर पाणी, आणि एवढं करून ४८८ नॅनोमीटरचा उजेड आम्ही वापरायचो फक्त २०० मिलिवॉट. एप्रिल-मे मध्ये पाण्याचं प्रेशर पडलं की लेसर ट्रिप, आणि ज्याची पाळी असेल त्याच्या पेशी बर्फात पडून. शेवटी ट्यूब गेली तेव्हा १०० मिलिवॉटचा एअर-कूल्ड आर्गॉन बसवला. तुम्हीही करणार असाल तर हे वाचून मगच पाना हातात घ्या.

लेसर घेताना सगळे पहिले विचारतात किती मिलिवॉट. मी म्हणतो आधी बीमचा, म्हणजे लेसरच्या झोताचा, व्यास विचारा. जुन्या मोठ्या लेसरचा बीम साधारण दीड मिलिमीटर, एअर-कूल्डचा ०.७ च्या आसपास, आणि लेन्सचा नियम असा की आत जाणारा बीम जितका बारीक तितका फोकसमधला ठिपका मोठा. १०० मिलिमीटरच्या साध्या लेन्सचा हिशोब केला तर दीडच्या बीमचा ठिपका ४१ मायक्रॉन येतो आणि ०.७ च्या बीमचा ८९. म्हणजे क्षेत्रफळ साडेचार पट, आणि १०० मिलिवॉट असूनही पेशीवर पडतो तो जुन्या ठिपक्यातल्या २२ मिलिवॉटइतकाच उजेड. वर ७० मायक्रॉनच्या नोझलची धार त्या ठिपक्यापेक्षा बारीक, मग बाजूचा उजेड धारेच्या कडांवर आपटून नुसता बॅकग्राउंड वाढवतो, आणि ठिपका उंच झाल्याने पाठोपाठ आलेल्या दोन पेशी एकच दिसायला लागतात.

उपाय स्वस्त आहे. उणे ५० आणि अधिक १०० मिलिमीटरच्या दोन लेन्स, मध्ये ५० मिलिमीटर अंतर, झाला दुप्पट बीम एक्स्पांडर. ०.७ चा बीम १.४ होतो. हे न करता नुसतं पीएमटीचं (उजेड मोजणाऱ्या डिटेक्टरचं) व्होल्टेज वाढवत बसलात तर सिग्नलबरोबर नॉइजही वाढतो आणि कमी चमकणाऱ्या पेशी तरीही वेगळ्या निघत नाहीत.

दुसरी गोष्ट लेबलची. वापरलेला लेसर बाहेरून आला असेल तर पॉवर सप्लाय ११५ व्होल्टचा असू शकतो, पंख्याचंही व्होल्टेज वेगळं बघा, दोन्ही तपासल्याशिवाय प्लग लावू नका. आणि ट्यूब पेटवताना हजारो व्होल्टची पल्स लागते, म्हणून हेड (ट्यूब असलेला लेसरचा डबा) आणि सप्लायमधली जाड केबल सप्लाय चालू असताना कधीच काढायची नाही, बंद केल्यावरही थोडा वेळ थांबायचं.

आता पंखा. हेडवर बसवलेला पंखा थरथरतो, ती थरथर टेबलातून आरशांपर्यंत जाते आणि बीड्सचा (तपासणीसाठी वापरायच्या एकसारख्या मण्यांचा) सीव्ही, म्हणजे मोजमापातला फरक, फुगतो. म्हणून ब्लोअर टेबलापासून लांब, जमलं तर भिंतीपलीकडे, आणि मध्ये मऊ फ्लेक्झिबल डक्ट, कुठेही मुडपलेला नको नाहीतर हवा कमी पडून थर्मल कटऑफ लागतो. एक-दीड किलोवॉटची गरम हवा खोलीत सोडू नका. ती फिरत फिरत सॉर्टरपाशी येते, शीथ (पेशींना वेढून वाहणारा द्रव) तापतो, धार थेंबांत तुटण्याची जागा सरकते आणि सकाळी लावलेला ड्रॉप डिले (पेशी लेसरपासून थेंब सुटण्याच्या जागेपर्यंत जायला लागणारा वेळ) दुपारी चुकतो.

उंचीसाठी हेडखाली ॲल्युमिनियमची प्लेट आणि शिम (पातळ पट्ट्या), बीम टेबलाला समांतर करून घ्या. मग दोन आरसे. बीमच्या वाटेत दोन छिद्रं ठेवा; पहिल्या आरशाने जवळचं छिद्र साधायचं, दुसऱ्याने लांबचं, आणि हे चार-पाच वेळा आलटून पालटून. अंगठी, घड्याळ काढून, पॉवर सगळ्यात कमी ठेवून. १०० मिलिवॉट म्हणजे क्लास ३बी, थेट बीम डोळ्यात गेला तर डोळा गेला. ४८८ अडवणाऱ्या गॉगलमधून निळा ठिपका दिसत नाही म्हणून लोक गॉगल वर करतात, ते करू नका. फ्लोरोसंट केशरी स्टिकरचा तुकडा कार्डावर चिकटवा, बीम पडला की तो केशरी चमकतो आणि गॉगलमधूनही दिसतो.

आमचे दोन दिवस गेले ते वेगळ्याच गोष्टीत. डक्ट नीट बसावा म्हणून मी हेड आडवं बोल्ट केलं. बीम सुरेख, अलाइनमेंट सुरेख, पण साइड स्कॅटर (पेशीवरून बाजूला विखुरलेल्या उजेडाचा सिग्नल) जवळजवळ सपाटच झाला, लिम्फोसाइट आणि ग्रॅन्युलोसाइट या दोन प्रकारच्या पांढऱ्या पेशी वेगळ्या दिसेनात. डिटेक्टर बदलून पाहिला, फिल्टर पुसले. मग लक्षात आलं की हेड आडवं म्हणजे पोलरायझेशनही (उजेडाच्या लहरींची कंप पावण्याची दिशाही) आडवं, आणि नव्वद अंशांवर बसलेल्या डिटेक्टरकडे त्या दिशेने फारच कमी उजेड विखुरतो. बीममध्ये हाफ-वेव्ह प्लेट (पोलरायझेशनची दिशा फिरवणारी काच) टाकली, ४५ अंश फिरवली, आणि स्क्रीनवर पेशींच्या ठिपक्यांचा ढग वर उचलला गेला. हेड उभंच बसवा, नाहीतर प्लेट आधीच आणून ठेवा.

बीड्स लावण्याआधी लेसर अर्धा तास तापू द्या. दुसरा लेसर असेल तर दोन ठिपक्यांमधलं अंतर बदललेलं असतं, त्याचा टाइम डिले (पेशीला एका ठिपक्यापासून दुसऱ्यापर्यंत लागणारा वेळ) नव्याने काढा. शेवटी स्लाइडवर ५०-५० बीड्स सॉर्ट करून मायक्रोस्कोपखाली मोजा आणि ड्रॉप डिले पक्का करा, दोन तासांनी पुन्हा एकदा मोजा, खोली तापते का ते तिथेच कळतं.

आणि रोज बंद करताना आधी किल्ली, पंखा किमान पाच मिनिटं चालू, मग मेन. गरम ट्यूबची हवा अचानक थांबली तर ट्यूब खराब होते. आम्ही एमसीबीवर लाल टेप लावून "पंखा थांबला का बघा" असं लिहिलंय, कारण संध्याकाळी शेवटचा माणूस घाईत असतो आणि सगळ्यात आधी तोच एमसीबी पाडतो.